चार वाजताची मंडळी

१

"मिस लीस्क, तुम्ही लोकांना देवाच्या घरी बोलावताय, की मासळीचे भाव वाचून दाखवताय?"

डॉक्टर बेअर्डनी असं विचारल्यावर वर्गातले अकरा जण हसले. बारावी एफी लीस्क. ती हसली नाही, कारण तिनं सहा वर्षं खरोखरच मासळीचे भाव वाचले होते, उत्तरेकडच्या आपल्या बेटावर, बंदराच्या लिलावघरात, आणि ही गोष्ट बेअर्डना पुरती ठाऊक होती. माणूस विद्वान असला म्हणून टोमणे मारायचं सोडतो असं थोडंच आहे.

एफी चौतीस वर्षांची होती. नोकरी सोडून या ग्रॅनाइटच्या शहरात ईश्वरविज्ञान शिकायला आली त्याला तीन वर्षं झाली होती. ग्रीकमध्ये ती पहिली, हिब्रूत दुसरी. पण घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. पाळक व्हायचं तर शेवटी कॉलेजच्या चॅपलमध्ये, म्हणजे तिथल्या लहानशा चर्चमध्ये, तीन परीक्षकांसमोर उपासना चालवून प्रवचन द्यावं लागे, आणि त्यात ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास झालं, की उमेदवारांच्या यादीतून नाव कायमचं कटायचं. मग ग्रीक घ्या नाहीतर हिब्रू घ्या, लिलावघर होतंच.

बेटावरच्या चर्चला सहा वर्षं पाळक नव्हता. इतक्या लांब यायला कोणी तयारच होत नव्हतं, म्हणून मंडळी एफीसाठी थांबली होती. आई दर पत्रात लिहायची, "आम्ही शनिवारी बाकं पुसून ठेवतो. घाई नाही गं, पण म्हातारी माणसं आहेत." ते 'घाई नाही' वाचलं की एफी पत्र घडी करून पुस्तकाखाली सारायची.

"प्रवचन चांगलं आहे तुमचं," वर्ग सुटल्यावर बेअर्ड आपल्या खोलीत म्हणाले. "कागदावर. पण सुरुवातीला तुम्ही लोकांना उपासनेसाठी बोलावता ना, तेव्हा मला उठून घरी जावंसं वाटतं."

"मग मी करू तरी काय, डॉक्टर? पहिल्यांदा म्हणालात, मोठ्यानं बोला. मोठ्यानं बोलले. मग म्हणालात, हळू बोला. हळू बोलले. आता काय उलटी लटकून बोलू?"

"चिडू नका."

"मी चिडलेली नाही," ती चांगलीच चिडून म्हणाली.

बेअर्डनी पाइपातली राख टेबलावर झाडली. "समोर लोक बसलेत असं समजून तुम्ही बोलता. ते ढोंग आहे, आणि ते ऐकू येतं. समजू नका काही. लोक यावेत, असं बोलवा."

"रिकाम्या चर्चमध्ये?"

"रिकाम्याच चर्चमध्ये बोलवायचं असतं. भरलेल्यात बोलावून काय उपयोग?"

जिना उतरताना एफीनं त्यांच्या पाइपाला, दाढीला आणि तीनही पदव्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग चॅपलची किल्ली मागायला गेली.

२

किल्ली असायची वॉटी सिमकडे. वॉटी हा चॅपलचा चर्चसेवक, वय सत्तरच्या पुढं, एकतीस वर्षं त्याच नोकरीत. दर उपासनेला तो आधी पवित्र शास्त्राचा जाडजूड ग्रंथ दोन्ही हातांवर घेऊन पुलपिटच्या, म्हणजे प्रवचनाच्या उंच, कठडेबंद चौथऱ्याच्या, सात पायऱ्या चढायचा, ग्रंथ मिटलेलाच ठेवायचा आणि खाली यायचा. मग पाळक वर जायचा आणि वॉटी त्याच्यामागं पुलपिटचं छोटं दार लावून कडी घालायचा. कडी बाहेरच्या बाजूला. उपासना संपेपर्यंत पाळक आत. शेवटी पाळकानं हात उंचावून आशीर्वाद दिला, की वॉटी येऊन कडी काढायचा. त्या भागात सगळीकडं हीच रीत. थट्टेनं म्हणायचे, पाळक पळून जाऊ नये म्हणून.

आणि आशीर्वाद मिळेपर्यंत बाकावरून कोणी हलत नसे. एफीच्या बेटावर एकदा वादळात नावा दोरखंड तोडू लागल्या होत्या. बायका खिडकीकडं बघत होत्या, बाप्ये ओठ चावत होते. पण पाळकाचे हात वर जाईस्तोवर एकही माणूस उठला नाही. त्यात दोन नावा गेल्या.

"चार ते पाच," एफी वॉटीला म्हणाली. "रोज. परीक्षेपर्यंत."

"बाकीची पोरं कपाटापुढं उभी राहून तालीम करतात."

"कपाटं माझं ऐकत नाहीत, मिस्टर सिम."

"पुलपिटात जाऊन करणार? अगदी सुरुवातीपासून?"

"सुरुवातीचीच तर बोंब आहे."

वॉटीनं किल्ली दिली.

ती एकटी होती, म्हणून पुलपिटचं दार तिनं उघडंच ठेवलं. आतून कडी काढायची तर दारावरून कमरेपर्यंत वाकून हात खाली न्यावा लागे, आणि दाराची कड छातीत रुतायची. चार वाजले. समोर बाकांच्या चौदा रांगा. तिनं कठडा धरला आणि बोलावलं. गीताचा क्रमांक सांगितला, एकशे चोवीस. मग प्रवचन. विषय मेजवानीचा होता, घर भरावं म्हणून रस्त्यावरच्या लोकांनाही आग्रहानं आत आणणाऱ्या यजमानाचा.

प्रवचन संपलं तशी ती कागद गोळा करून खाली उतरली. आशीर्वाद तिनं दिला नाही. तो कोणीच विद्यार्थी देत नसे. दीक्षा झालेली नसताना आशीर्वाद देणं म्हणजे दुसऱ्याच्या नावानं सही ठोकणं, आणि बेअर्डनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, "मरण आणि आशीर्वाद, या दोन गोष्टींची तालीम करायची नसते." चार वर्षांपूर्वी एकानं परीक्षेत भावनेच्या भरात हात वर केले होते. त्याचं नाव त्याच संध्याकाळी कटलं. सध्या तो विमे विकतो.

३

पहिला आठवडा भिंतीशी बोलण्यात गेला. रोज तीच पायरी, तोच कठडा, पहिले पाढे पंचावन्न. स्वतःच्या आवाजाचा तिला वीट आला.

दुसऱ्या मंगळवारी मात्र काहीतरी झालं. सकाळी आईचं पत्र आलं होतं, त्यात एका म्हातारीच्या मरणाची बातमी होती. ती बाई एफीच्या पहिल्या प्रवचनासाठी नवी टोपी घेऊन बसली होती. तेच डोक्यात घेऊन एफी पुलपिटात चढली, आणि तोंडातून बोलावणं निघालं ते असं, की तिचा तिलाच आवाज ओळखू येईना. या. कोणीही असाल, कुठलेही असाल, या आता.

प्रवचनाच्या मध्यावर कोणीतरी खोकलं.

मोठ्यानं नाही. चर्चमध्ये खोकतात तसं, मूठ तोंडाशी धरून, शेजाऱ्याची माफी मागितल्यासारखं. आवाज डाव्या बाजूनं, पाचव्या-सहाव्या रांगेतून आला. एफी थांबली. रांगेत कोणी नव्हतं. खाली उतरून तिनं बाकांच्या खालीसुद्धा पाहिलं आणि तडक खानावळ गाठली.

डंकन पिरी खिमा आणि उकडलेले बटाटे हाणत बसला होता. वर्गात तिच्याशी माणसासारखं वागणारा तो एकटाच, पण मस्करीत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"मजा वाटली ना?" ती म्हणाली.

"खिम्याची? नाही गं. मीठच नाही त्यात."

"चॅपलमध्ये येऊन खोकलास तू."

"मी? अगं, मी तीन वाजल्यापासून इथं आहे. त्या मावशींना विचार, दुसऱ्यांदा वाढायला सरळ नाही म्हणाल्यात मला." मग त्यानं काटा खाली ठेवला. "खोकलं कोणीतरी? तुझ्या प्रवचनात?"

"हो."

"नशीबवान आहेस. माझ्या प्रवचनात घोरतात."

ती हसली. खोली तापवायचा गरम पाण्याचा नळ असेल, तिनं ठरवलं. थंडीत नळातून काय वाटेल ते आवाज येतात. आपण शिकलेली बाई आहोत.

४

गुरुवारी प्रवचन संपवून ती वळली, तर पुलपिटचं दार लागलेलं होतं.

कडीसुद्धा घातलेली होती. वाकून, छाती खरवडून घेऊन तिनं ती काढली. दार वाऱ्यानं लागू शकतं. कडी वाऱ्यानं लागते का? लागत असेल, जुनी आहे, सैल आहे. तिनं चार वेळा दार ढकलून पाहिलं. कडी एकदाही आपण होऊन पडली नाही. मग ती स्वतःवरच वैतागली. परीक्षा अकरा दिवसांवर, आणि बाईसाहेब कडीचे प्रयोग करतायत!

शनिवारी वॉटी तिच्या दाराशी आला. टोपी हातात होती, पण चेहरा तक्रारीचा.

"किती जणांना आणतेस गं बरोबर?"

"कोणालाच नाही."

"मग बाकांवरच्या गाद्या कोण दाबतं? पहिल्या सहा रांगा. आणि ओल्या लोकरीचा वास येतो, पावसातून आलेल्या कोटांसारखा. गीतांची पुस्तकं उघडी पडलेली असतात, सगळी एकाच पानावर."

"कुठल्या?"

"एकशे चोवीस."

त्या गीताचा क्रमांक तिनं वॉटीला कधी सांगितला नव्हता. पण रोज मोठ्यानं म्हणत होती, दाराबाहेर ऐकू गेला असेल. सगळ्याला कारण असतंच. तेवढं शोधत राहायचं.

खरी गोष्ट मात्र तिनं त्याला सांगितली नाही. ती अशी, की गेले चार दिवस ती उत्तम बोलत होती. वाक्य संपलं की समोर ते कुठंतरी पोचल्याचं कळायचं. विनोदाच्या जागी हवा थोडी सैल व्हायची, दुःखाच्या जागी घट्ट. तीन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी तिचं ऐकत होतं. तिला भीती वाटत होती, पण भीतीच्या आधी वाटत होता तो आनंद, आणि त्या आनंदाची पुढं तिला फार लाज वाटली.

तर ती गेली. सोमवारी गेली, मंगळवारी गेली. दर वेळी बोलावलं, आणि दर वेळी कागद गोळा करून निघून आली. बुधवारी उघडी पुस्तकं नवव्या रांगेपर्यंत पोचली होती.

५

शुक्रवारी तिनं ठरवलं, आज बोलायचं नाही. नुसतं बसायचं आणि काय ते एकदाचं बघायचं. चार वाजता ती सर्वांत मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसली.

पाच मिनिटं काही नाही. मग तिच्या लक्षात आलं, की हे काही-नाही बरोबर नव्हतं. रिकाम्या खोलीची शांतता सैल असते, तिच्यात घड्याळ, पक्षी, रस्त्यावरची गाडी येऊन जाते. ही शांतता धरून ठेवलेली होती. पाळक पुलपिटात उभा राहतो आणि अजून बोललेला नसतो, त्या एका क्षणाची शांतता. फक्त तो क्षण संपत नव्हता.

मग पुढून बूट घासल्याचा आवाज आला. एका जागी बराच वेळ बसून पाय आखडले की माणूस हलवतो तसा. त्याच्यामागं दुसरा. एक लांब, थकलेला उसासा, आणि तो शेजारच्या कोणीतरी 'श्श' करून गप्प केलेला.

एफी बाहेर आली ती पळतच. वॉटी दाराच्या बाहेर, पायरीवर उभा होता.

"ऐकलंस ना?"

"नळ आहेत," ती म्हणाली.

"एकतीस वर्षं मी या नळांबरोबर आहे. रिकामं चर्च मला कळतं, पोरी. हे गेले दहा दिवस रिकामं झालेलं नाही. मी सकाळी झाडायला जातो तेव्हाही बसलेले असतात. हल्ली मी झाडतच नाही." त्यानं टोपी हातात फिरवली. "तू त्यांना आशीर्वाद देऊन पाठवत नाहीस?"

"मला अधिकार नाही. तुम्हाला माहीत आहे ते."

"बोलवायचा होता?"

एफीनं मागं वळून चॅपलच्या दाराकडं पाहिलं.

"ज्यानं बोलावलं त्यानंच पाठवायचं असतं," वॉटी म्हणाला. "साधी गोष्ट आहे. माझी आई पाहुण्यांनाही हेच करायची. दारापर्यंत स्वतः जायची."

ती तशीच बेअर्डकडं गेली आणि एका दमात सगळं सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते खुळचट वाटत होतं, म्हणून ती आणखी भरभर बोलत गेली. तुम्ही दीक्षित आहात, एकदा येऊन आशीर्वाद द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

बेअर्डनी पाइप तोंडातून काढला. "जाऊन झोपा."

"डॉक्टर..."

"मिस लीस्क, परीक्षेच्या आधी कोणाला देवदूत दिसतात, कोणाला पुरळ उठतं. तुम्हाला खोकला ऐकू येतो. मी रिकाम्या बाकांना आशीर्वाद देत फिरू? आणि एक लक्षात ठेवा. सोमवारी प्रवचन संपलं की तुम्ही थांबायचं. हात वर गेले, तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. यावेळी तुम्ही पास व्हावं असं मला मनापासून वाटतंय, कळलं?"

ते खरंच मनापासून म्हणाले होते. तिची तळपायाची आग मस्तकात गेली. नेमकं आत्ताच यांना प्रेम सुचायचं होतं!

६

परीक्षा सोमवारी दुपारी तीनला होती.

"मिस्टर सिम, आज दार लावू नका," ती हळूच म्हणाली.

"नाही लावत. जा."

तो ग्रंथ घेऊन वर गेला, ठेवून खाली आला आणि बाजूला सरून उभा राहिला. त्यानं बाकांकडं एकदाही पाहिलं नाही. पहिल्या रांगेत परीक्षक होते. मधे बेअर्ड, त्यांच्या उजवीकडं चर्चच्या कचेरीतले एक शिष्ट गृहस्थ, आणि डावीकडं रेव्हरंड ऑगिल्व्ही, खेड्यातले एक म्हातारे, मऊ चेहऱ्याचे पाळक. नियमाप्रमाणं बाकी कोणाला प्रवेश नव्हता.

एफीनं कठडा धरला. बोलावू नये असं तिला फार वाटलं. पण न बोलावता परीक्षा कशी द्यायची? तिनं बोलावलं. बेअर्डची मान वर झाली.

मग ती बोलली. कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. मेजवानी, यजमान, रस्त्यावरून आणलेले लोक. घर भरलं, सगळे बसले, ही आनंदाची गोष्ट म्हणून तिनं तीन आठवडे सांगितली होती. आज तिच्या मनात आलं, की त्या लोकांना घरी कधी सोडलं, हे त्या गोष्टीत कोणी विचारलंच नाही. शिष्ट गृहस्थांनी लिहायचं थांबवलं होतं. रेव्हरंड ऑगिल्व्हींचे डोळे ओले होते. आणि त्यांच्या मागून प्रत्येक वाक्याला तो घट्ट, भरलेला प्रतिसाद येत होता.

शेवटी प्रार्थना. सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली. प्रार्थनेत पाळकानं डोळे उघडायचे नसतात. एफीनं उघडले.

तिला चेहरे दिसले नाहीत. दिसलं ते इतकंच, की दुसऱ्या रांगेपासून शेवटच्या भिंतीपर्यंत बाकांचं लाकूड कुठंच दिसत नव्हतं. काळं, करडं, वाकलेलं काहीतरी दाटीवाटीनं होतं. आणि उजव्या बाजूला, अगदी स्पष्ट, करड्या लोकरी हातमोज्यातला एक हात. तो हात एक गुडघा चोळत होता. हळूहळू, सवयीनं, म्हाताऱ्या माणसाचा बसून बसून दुखतो तसा गुडघा.

तिनं डोळे मिटले. पण आता कळायचं ते कळून चुकलं होतं. हे कोणी तिला घाबरवायला आले नव्हते. तिनं बोलावलं म्हणून आले होते, आणि पाठवलं नाही म्हणून बसले होते.

७

"आमेन," ती म्हणाली.

डोळे उघडले तेव्हा बाकं रिकामी होती. बेअर्ड हसत होते. तीन वर्षांत तिनं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"पुरे, मिस लीस्क," ते म्हणाले. "आणखी काही बोलायची गरज नाही."

पास झाली होती ती. शनिवारी पुसलेली बाकं, आई, नवी टोपी न घालता गेलेली म्हातारी, सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं. फक्त खाली उतरायचं होतं. पास हो, दीक्षा घे, मग ये आणि पाठव यांना. पण दीक्षा पुढच्या वर्षी. तोवर तो गुडघा? कोणी उपाशी असेल, कोणाला घरी जायचं असेल. आणि बेटावर तिची वाट बघणारी माणसं तरी काय वेगळी होती? दोन्हीकडं माणसं बसवून ठेवली होती तिनं.

"एफीबाई, शहाणी असशील तर उतर," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिनं दोन्ही हात उंचावले.

"मिस लीस्क!" बेअर्ड ओरडले.

तिनं आशीर्वाद दिला. पूर्ण, एकही शब्द न गाळता, आवाज कापू न देता. जा शांतीनं.

सगळ्या चॅपलभर लाकूड करकरलं. मागच्या तेरा रांगांतून एकदम वजन उठलं. कपड्यांची सळसळ झाली, पुस्तकं मिटल्याचे आवाज एकामागून एक आले. शिष्ट गृहस्थांनी दचकून छताकडं पाहिलं. एफीचे हात वरच होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

मग सगळं थांबलं. उभ्या राहिलेल्या माणसांनी एकमेकांकडं बघावं, इतका वेळ गेला.

आणि ती सगळी पुन्हा खाली बसली.

"लाकूड तापलंय," बेअर्ड कोणाकडंही न बघता म्हणाले. "हात खाली घ्या. हे तुमचं नाही द्यायचं. तुम्हाला सांगितलं होतं मी, स्पष्ट सांगितलं होतं!" त्यांचा आवाज फुटला. ते रागावले होते त्याहून जास्त दुखावले होते.

"मग तुम्ही द्या," एफी कठड्यावरून वाकून म्हणाली. "माझं नाव खोडा, काय वाटेल ते करा. पण तुमच्यापैकी कोणीतरी द्या. त्यांना जायचंय."

"कोणाला?" शिष्ट गृहस्थांनी विचारलं.

रेव्हरंड ऑगिल्व्ही तेवढे उठले. पोरीच्या समाधानासाठी, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी हात उंचावून तोच आशीर्वाद दिला. दीक्षा होऊन पन्नास वर्षं झालेला माणूस, पण बोलावलं त्यांनी नव्हतं. यावेळी एक बाकही करकरलं नाही.

दाराशी उभ्या वॉटीनं मान खाली घातली.

शिष्ट गृहस्थांनी वहीत एक ओळ लिहिली आणि वही मिटली. पुढची संधी नाही, हे सांगायचीही गरज नव्हती. तिघंही निघाले. बेअर्ड दारात थांबले, मागं वळले. मग पाइप खिशात घालून गेले.

८

एफीनं कागद गोळा केले. सवयीनंच. आता त्या कागदांचं काही करायचं नव्हतं. ती वळली, तर पुलपिटचं दार लागलेलं होतं.

"मिस्टर सिम, लावू नका म्हटलं होतं ना!" ती ओरडली. सगळा राग तिनं त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यावर काढला.

"मी नाही लावलं," वॉटी चॅपलच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाला. त्याचा आवाज फार लहान येत होता. "पोरी, मी नाही लावलं."

"मग या आणि उघडा."

तो एक पाऊल पुढं आला. मधल्या वाटेच्या तोंडाशी थांबला, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, गर्दीत वाट शोधणाऱ्या माणसासारखं. मग टोपी छातीशी धरून तिथंच उभा राहिला.

"आशीर्वादाआधी दार उघडत नाहीत," तो म्हणाला. हे तो आपलं म्हणून सांगत नव्हता. कोणीतरी त्याला सांगितलेलं तो तिला कळवत होता.

ती दारावरून वाकली. कड छातीत रुतली. हात खाली नेला, आणखी खाली. कडीच्या जागी बोटांना लोकर लागली.

कडीवर आधीच एक हात होता. ओल्या लोकरी हातमोज्यातला. एफी हललीसुद्धा नाही. त्या हातानं तिचा हात झिडकारला नाही, धरलाही नाही. दोनदा हलकेच थोपटलं फक्त. पहिल्यांदा पुलपिटात चढलेल्या, गांगरलेल्या पाळकाला म्हातारी माणसं थोपटतात तसं. सावकाश होऊ दे, आम्ही बसलोय.

तिनं हात वर घेतला आणि सरळ उभी राहिली. समोर पवित्र शास्त्राचा ग्रंथ होता. ती शेवटची प्रार्थना करत होती तेव्हा तो शेवटच्या पानांकडं उघडा होता. आता तो मिटलेला होता, आणि पाळकानं उघडावा म्हणून तिच्याकडं वळवून ठेवलेला होता.

बाहेर मनोऱ्यावर चार वाजले. पाचव्या-सहाव्या रांगेतून कोणीतरी मूठ तोंडाशी धरून खोकलं. मग सगळीकडं ती शांतता पसरली.

पाठवायचा अधिकार तिला आता कधीच मिळणार नव्हता. येत होतं तेवढं बोलावणं. एफीनं कठडा धरला.